दोघे एकदम बोलले तर

दुसऱ्याला बोलू देण्याच्या बाबतीत आमच्या सरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही. हे मत सरांचं स्वतःचं होतं, आणि ते मांडताना ते सहसा कुणाला मध्ये बोलू देत नसत. जळगावच्या एका तंत्रनिकेतनात ते बत्तीस वर्षं संगणकांची जाळी हा विषय शिकवत होते आणि मी त्याच इमारतीतल्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत होतो. प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांची मैत्री सहसा होत नाही, कारण ग्रंथपालाला पुस्तकं परत मागावी लागतात. आमची झाली. ग्रंथालय ही त्या संस्थेतली एकमेव खोली होती जिथे कुणी बोलत नसे, त्यामुळे सरांना तिथे बोलायला मार्ग कायम मोकळा मिळे.

सरांचा विषय थोडक्यात सांगतो. सर तो थोडक्यात सांगत नसत. एकच तार आहे आणि तिच्यावर वीस संगणक जोडलेले आहेत. कुणी कधी बोलायचं हे ठरवणारा अध्यक्ष नाही. मग प्रत्येकाने आधी ऐकायचं. तार शांत असेल तर बोलायचं, आणि बोलतानाही कान उघडे ठेवायचे. दोघे एकदम बोलले तर टक्कर होते आणि दोघांचंही बोलणं मातीमोल होतं. अशा वेळी दोघांनीही ताबडतोब गप्प व्हायचं, आपापल्या नशिबाने येईल तेवढा वेळ थांबायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मर्यादा दुप्पट. पुन्हा झाली तर पुन्हा दुप्पट. सोळा वेळा टक्कर झाली की नाद सोडायचा आणि वरती कळवायचं की जमलं नाही. "अध्यक्ष नसलेली ही जगातली एकमेव सभ्य सभा," असं सर म्हणत. अध्यक्ष असलेल्या सभा मी आमच्या संस्थेत पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यामुळे निदान या वाक्यावर माझा वाद नव्हता.

अडचण एवढीच होती की सरांना हा नियम तारेपुरता ठेवणं मंजूर नव्हतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात तपकिरीची एक जुनी डबी असे आणि तिच्यात मधोमध फोडलेले दहा चिंचोके असत, एक बाजू काळी आणि एक पांढरी. कुणाशी एकदम बोलणं झालं की सर हात वर करून थांबत, डबी उघडत आणि जवळच्या टेबलावर एक चिंचोका टाकत. काळा पडला तर लगेच बोलायचं, पांढरा पडला तर पाच सेकंद थांबून. पुन्हा टक्कर झाली तर दोन चिंचोके, मग तीन, आणि दर चिंचोक्यामागे थांबण्याची मर्यादा दुप्पट. समोरच्यानेही टाकावेत अशी त्यांची अपेक्षा असे, आणि त्यासाठी ते डबी पुढे करत. बहुतेक लोक तोवर निघून गेलेले असत. एकदा स्टाफरूमच्या दारात सर आणि प्राचार्य समोरासमोर आले. दोघे डावीकडे सरकले, मग दोघे उजवीकडे सरकले, मग पुन्हा डावीकडे. चौथ्या वेळी सर खाली बसले आणि त्यांनी उंबऱ्यावर चिंचोके टाकले. प्राचार्य त्यांना वळसा घालून आत गेले. "बघा," सर मला नंतर म्हणाले, "नियम पाळला की मार्ग निघतोच." प्राचार्यांनी त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही.

संस्थेच्या विश्वस्तांपैकी एक जण असे होते की ते श्वास घ्यायलाही थांबत नसत. त्यांच्याकडे प्रयोगशाळेच्या पंख्यांचा विषय काढायला सरांना पाठवलं होतं. सर दोन तासांनी परत आले आणि त्यांनी प्राचार्यांना लेखी अहवाल दिला: "सोळा प्रयत्न झाले. नाद सोडला आहे. कळावे." पंखे पुढच्या उन्हाळ्यातही आले नाहीत. जळगावचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या अहवालात विनोद दिसणार नाही.

पण सरांचा खरा दिवस उगवला तो नव्या इमारतीच्या उद्घाटनाला. व्यासपीठावर हारतुऱ्यांच्या मागे दोन पाहुणे होते, आणि आयोजकांच्या कृपेने दोघांनाही समारंभाचं अध्यक्षपद दिलेलं होतं. सूत्रसंचालक म्हणाले, "आता अध्यक्षीय भाषण." दोघे उठले. दोघांनी एकमेकांना पाहिलं, "आपण, आपण" म्हटलं आणि दोघे बसले. मग दुसरा उठत नाही असं पाहून दोघे पुन्हा उठले. पुन्हा "आपण, आपण." असं चार वेळा झालं. श्रोते हसायला घाबरत होते. तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसलेले सर गंभीर होते. "हे संध्याकाळपर्यंत चालेल," ते माझ्या कानात म्हणाले. "दोघांचा विनय सारख्याच लांबीचा आहे. सारखं थांबणाऱ्यांची टक्कर कधीच सुटत नाही, लिहून ठेवा." एवढं बोलून ते डबी घेऊन व्यासपीठावर गेले. शिपायाने त्यांना पायरीवर अडवलं, पण त्या गडबडीत एका पाहुण्यांचं लक्ष विचलित झालं, त्यांना उठायला क्षणभर उशीर झाला आणि दुसऱ्यांनी माइक गाठला. भाषण पाऊण तास चाललं. सर खाली येऊन बसले आणि समाधानाने म्हणाले, "नशीब मध्ये घालावं लागतं हो. शिपायाच्या रूपाने आलं, एवढंच."

वर्गात ते सुतळीचं एक मोठं बंडल नेत. सुतळी वर्गाच्या दारातून निघून पूर्ण व्हरांड्यातून पलीकडच्या जिन्यापर्यंत जाई आणि मुलं ती धरून उभी राहत. एका टोकाच्या मुलाने शेजारच्या मुलाचा हात दाबायचा, त्याने पुढच्याचा, असा निरोप सरकत जाई. मग सर दुसऱ्या टोकाच्या मुलालाही त्याच वेळी सुरुवात करायला सांगत. "आता या टोकाला कधी कळलं की टक्कर झाली?" मुलं म्हणत, खूप उशिरा. "का?" तार लांब आहे म्हणून. "मग?" यापुढे मुलं गप्प बसत आणि सर मुख्य मुद्द्यावर येत: तार जितकी लांब तितका धीर जास्त लागतो. लांबच्या टोकाची शांतता ही शांतता असेलच असं नाही, तिकडून निघालेलं बोलणं अजून वाटेत असू शकतं. मी ग्रंथालयाच्या खिडकीतून हा हात दाबण्याचा कार्यक्रम दर वर्षी पाहत असे, आणि त्यावर संस्थेत होणारे विनोदही दर वर्षी ऐकत असे.

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या विषयाचीच हवा गेली. आता प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार असते, मध्ये एक पेटी बसते, ती सगळ्यांचं बोलणं वेगवेगळं पोचवते. नव्याने आलेल्या एका तरुण प्राध्यापकाने हे सरांना अत्यंत नम्रपणे सांगितलं. "सर, आता टक्कर होतच नाही. हा भाग परीक्षेतही नसतो."

"तारेवर होत नसेल," सर म्हणाले. "तुझं लग्न झालंय का?"

"नाही सर."

"मग शिकवत राहावं लागेल मला."

या उत्तरावर स्टाफरूम खूप हसली. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मला पुढे वाईट वाटलं, पण ते नंतर.

वहिनींबद्दल आतापर्यंत मी काही लिहिलं नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. त्याचं कारण असं की मला त्यांच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं मी सरांच्या घरी जात होतो. वहिनी दार उघडत, "या" म्हणत, पाणी देत, चहा देत आणि आतल्या दाराशी भाजी निवडत बसत. त्या साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका लहान गावातल्या, आणि माहेरी बोलत ती भाषा त्यांनी जळगावच्या घरात कधी काढली नाही. सर धुळे शहरातले, शुद्ध बोलण्याबद्दल आग्रही. वहिनी पुस्तकातल्यासारखं नीट बोलत, पण फार थोडं. मी ते त्यांच्या स्वभावात जमा केलं होतं. माणूस कमी बोलला की आपण त्याचा स्वभाव ठरवून मोकळे होतो.

सर निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, माहेरच्या एका लग्नात, वहिनी हळद लावता लावता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना तीन आठवडे ठेवलं. जीव वाचला, उजवा हात निकामी झाला आणि वाचा गेली. म्हणजे पूर्ण गेली नाही. शब्द आत कुठेतरी होते, पण बाहेर यायला त्यांना फार वेळ लागे, आणि वाटेत कुणी बोललं तर ते परत फिरत. बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी घरी सोडताना सरांना बजावलं, "त्यांना वेळ द्या. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्या बोलेपर्यंत थांबा."

ही सूचना सरांना सांगणं म्हणजे अत्तरवाल्यालाच अत्तर विकणं होतं. बत्तीस वर्षं ते दुसरं काय शिकवत होते? त्यांनी जळगावला घरी आल्याबरोबर भेटायला येणाऱ्यांसाठी दारावर एक पाटी लावली: "आधी ऐकावे. मग थांबावे. मग बोलावे." समोर घड्याळ टांगलं. प्रश्न विचारल्यावर तीस सेकंद कुणी तोंड उघडायचं नाही असा नियम केला. शेजारपाजारचे लोक येत, "कसं आहे आता?" विचारत, आणि मग सर्वजण घड्याळाकडे बघत बसत, जणू बातम्या सुरू व्हायच्या आहेत. वहिनी खाटेवर बसून या सगळ्यांकडे पाहत. बोलत नसत. दीड महिना झाला, दोन झाले, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सर खचत चालले. नियमात चूक नव्हती आणि निकाल येत नव्हता, याचं शिक्षकाला फार लागतं.

एका दुपारी मी गेलो होतो. सरांनी वहिनींना विचारलं, "चहा ठेवू?" आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. मी वहिनींकडे पाहत होतो. वहिनींचे ओठ हलायला लागले. गळ्याची शीर फुगली. त्यांनी डोळे मिटले, सगळं बळ एकवटलं, तोंड उघडलं, आणि नेमकं त्याच क्षणी तीस सेकंद संपून सर म्हणाले, "नको का?"

वहिनींनी तोंड मिटलं.

"बोल, बोल तू," सर घाईने म्हणाले आणि पुन्हा घड्याळ लावलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळीही. वहिनींना लागणारा वेळ आणि सरांचा थांबण्याचा वेळ तंतोतंत सारखा होता.

"सर," मी म्हणालो, "तुम्ही दर वेळी तेवढंच थांबताय."

सर माझ्याकडे बघत राहिले. आपल्याच विषयात नापास झालेल्या माणसाचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. त्यांनी घड्याळ काढून ठेवलं, डबी उघडली आणि ते चिंचोके टाकायला लागले. कधी चाळीस सेकंद, कधी दीड मिनिट. थोडा फरक पडला. वहिनी अधूनमधून "हो" म्हणू लागल्या, "नको" म्हणू लागल्या. पण पुढे जाईनात. उलट एकदा टक्कर झाली की त्या आधीपेक्षा जास्त वेळ गप्प बसत. सगळी सकाळ, कधी सगळा दिवस.

मग वहिनींची धाकटी बहीण गावाहून आली. दणकट बाई, बोलायला फटकळ. ती बहिणीजवळ खाली बसली, मेथीची जुडी सोडली आणि तिच्याकडे न पाहता पानं खुडायला लागली. सर आणि मी बाहेरच्या खोलीत होतो. अर्ध्या तासाने आतून आवाज आला. तुटका, लांबणारा, एकेका शब्दामागे एवढी शांतता की मधे रस्त्यावरून भंगारवाला ओरडून गेला. पण तो वहिनींचा आवाज होता आणि ती त्यांच्या माहेरची भाषा होती. त्या म्हशीची चौकशी करत होत्या.

सर उठून आत धावले. आवाज बंद झाला. सर खाटेसमोर उभे राहून वहिनींच्या तोंडाकडे बघायला लागले.

"जिजाजी, तिन्हा तोंडकडे काय पाही ऱ्हायनात?" बहीण म्हणाली. "ती काय परीक्षा देई ऱ्हायनी?"

"मी थांबलोय," सर म्हणाले. "तिला बोलू देतोय."

"तुम्ही थांबतस, पन बोलासाठे थांबतस. ऐकासाठे नही." तिने मेथीची काडी बाजूला टाकली. "लगीन व्हयनं तवयपासून ती ऐकस आनि तुम्ही बोलतस. आते एकदम घड्याळ लाईसन बोल म्हनतस. कशी बोलई ती?"

सरांनी डबी खिशात ठेवली. ते बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी ते दर वर्षी शेवटच्या तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत सांगत आणि घंटा झाल्यामुळे कुणी ऐकत नसे. त्या सभ्य सभेच्या नियमात एक खोट आहे. दोघांची टक्कर झाली. एक जण आधी बोलला, म्हणजे जिंकला. जिंकणाऱ्याची पाटी लगेच कोरी होते, पुढच्या वेळी त्याला जवळपास थांबावंच लागत नाही. हरणाऱ्याची मर्यादा मात्र दुप्पट झालेली असते. त्यामुळे पुढची टक्करही पहिलाच जिंकतो. मग त्याच्या पुढचीही. नियम दोघांना एकच, कुणी कुणाला अडवत नाही, कुणी वाईट नाही. आणि तरी एकटाच बोलत राहतो, दुसरा थांबत राहतो, शेवटी नाद सोडतो.

"दर जूनमध्ये मी अख्ख्या वर्षाची लेक्चरं हिच्यासमोर म्हणून पाहायचो," सर म्हणाले. "हेही म्हणायचो. भाजी निवडत ऐकायची बिचारी." थोडं थांबून ते म्हणाले, "पस्तीस वर्षं. आणि मला वाटायचं, आमच्याकडे टक्कर कशी ती होतच नाही."

 

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा पुण्याहून आला. चांगला मुलगा, आईवडिलांची काळजी असलेला, घाईत असलेला. त्याने आपल्याच इमारतीत आईवडिलांसाठी घर पाहून ठेवलं होतं. दवाखाना कोपऱ्यावर, नातवंडं वरच्या मजल्यावर. सरांना हे फार पसंत होतं, नातवाला सुतळी धरायला शिकवण्याची स्वप्नं ते पाहत होते. रविवारी सामानाचा टेम्पो येणार होता. शनिवारी सकाळी सरांनी मला बोलावलं, त्यांची पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची होती म्हणून. मी गेलो तेव्हा घरभर खोकी होती आणि वहिनी त्यांच्या मधोमध खाटेवर बसल्या होत्या. बहीण निरोप घ्यायला आली होती आणि त्यांच्या पायाशी बसली होती.

मी पुस्तकं बांधत होतो. वहिनींकडे पाहून मी सहज विचारलं, "वहिनींना आवडेल का पुण्याला?"

"आईला विचारलंय मी," मुलगा म्हणाला. "मान हलवली तिने. हो ना गं आई? येणार ना पुण्याला?"

वहिनींनी मान हलवली.

सर एका खोक्याला चिकटपट्टी लावत होते. त्यांचा हात थांबला. "तसं नको विचारू," ते म्हणाले. "हो-नाही विचारलं की मान हलवून संपतं. आयुष्यभर ती मान हलवत आली आहे." ते खोक्यावर बसले. "अगं, उद्या टेम्पो येतोय. पण तो परतही पाठवता येतो. तुला कुठे राहायचंय?"

कुणी बोलेना. मुलाने एकदा तोंड उघडलं, तेव्हा सरांनी त्याच्याकडे न बघता बोट वर केलं. मी सुतळीची गाठ हातात धरून तसाच उभा होतो. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. शेजारच्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मग कुणीतरी गॅस बंद केला. सर जमिनीकडे बघत होते. त्यांचे ओठ दोन-तीन वेळा हलले. वाक्य अगदी जिभेवर आलेलं मला दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते गिळलं. एखाद्या माणसाला इतके कष्ट करताना मी क्वचित पाहिलं आहे. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, कारण कुणी पाहिलं नाही.

"मन्हा…" वहिनी म्हणाल्या.

मुलगा पुढे झुकला. सर हलले नाहीत.

"मन्हा… गाव."

"आई, गावाला?" मुलाला राहवलं नाही. "तिथे काय आहे? डॉक्टर नाही, काही नाही…"

वहिनींचे ओठ मिटायला लागले. "थांब रे," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जे होतं त्याने मुलगा गप्प झाला. पुन्हा तेवढीच शांतता. या वेळी ती आणखी लांबली. वहिनींनी डावा हात उचलून बहिणीच्या खांद्यावर ठेवला.

"आठे… बठ्ठा… भराभर बोलतस," त्या म्हणाल्या. मग खूप वेळाने, "तठे… सवड शे." इथे सगळे भराभर बोलतात, तिथे सवड आहे.

एवढंच. पण इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं, आणि ते बोलून झाल्यावर त्यांना घाम फुटला होता.

मुलगा बापाकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हिशेबी मुद्दे त्याने सोडले नाहीत. दवाखाना लांब आहे. तुम्हाला तिथे करमणार नाही. तुमची नातवंडं. आणि शेवटी, "बाबा, या वयात सासुरवाडीला जाऊन राहणार? लोक काय म्हणतील?"

"सगळे एकदम म्हणतील," सर म्हणाले. "एकाचंही नीट ऐकू येणार नाही." मग ते उठले आणि चिकटपट्टी लावलेलं खोकं पुन्हा उघडायला लागले. पाठ आमच्याकडे होती. "दवाखाना साक्रीत आहे. पुढे धुळं आहे. आणि मला करमायचं काय, ते मी बघतो. मी आजवर काही कमी बोललेलो नाही."

"मी शे ना," बहीण मुलाला म्हणाली. "तू कायजी करू नको, भाऊ. दर महिनाले येत जा." तिने वहिनींच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. "पन जिजाजी, मन्हा घर चिंचोका खेळाना नहीत, पहिलेच सांगस."

टेम्पो पुण्याला गेला नाही. पुढच्या आठवड्यात अर्धं सामान साक्रीकडे गेलं. संस्थेत या गोष्टीवर बरेच विनोद झाले. साठीनंतरचा घरजावई हा विषयच तसा आहे. मी या वेळी हसलो नाही. मुलगा महिन्याला येतो, नातवाला घेऊन. अजूनही त्याला हा निर्णय पटलेला नाही, आणि त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वहिनींना ताप चढला तेव्हा ओढ्याला पाणी होतं आणि सकाळपर्यंत गाडी निघाली नाही. सगळं निभावलं. पण निभावलं म्हणून ते बरोबर होतं असं होत नाही, हे सरही कबूल करतात.

या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे दोन दिवस राहून आलो. कौलारू घर, पुढे ओटा, समोर कोरडवाहू शेतं आणि त्यांच्यामागे डोंगर. सर वाळले आहेत. गावातली भाषा त्यांना कळते पण बोलता येत नाही, म्हणून ते बहुतेक वेळ ऐकतात. आठवडी बाजारात ते पिशवी धरून मेहुणीच्या मागे चालतात आणि लोक त्यांना अबोल पाव्हणा समजतात. हे ऐकून मला जेवताना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओट्यावर बसलो होतो. सर मला नव्या पुस्तकांबद्दल विचारत होते, आणि बोलता बोलता नियमातल्या त्या खोटीचा विषय निघाला. "बत्तीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले, "पण आमच्या क्रमिक पुस्तकात याला उपाय दिला नव्हता."

वहिनी लसूण सोलत होत्या, एका हाताने, पाकळी गुडघ्याखाली दाबून. त्या म्हणाल्या, "जो… जिंकस…"

आम्ही गप्प झालो. एक कोंबडी ओट्यावर चढून पलीकडे उतरली.

"त्यानी… पुढली येळ… गप बसानं." वहिनींनी पाकळी ताटात टाकली. "मी… पहिल्याच साले… सांगनार व्हतू."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मी नंतर जळगावला परतल्यावर मुद्दाम धुंडाळलं. याच रोगावर याच जातीचा उपाय काही जाणत्या लोकांनी खरोखरच सुचवून ठेवला आहे. त्यांना तो कुठे सुचला ते ठाऊक नाही. वहिनींना भाजी निवडताना सुचला होता.

संध्याकाळच्या गाडीने मला निघायचं होतं. थांबा घरासमोरच आहे. निघताना मी सरांना विचारलं की पुण्याची, नातवंडांची आठवण येते का. सरांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी वहिनींनीही. दोघे थांबले. सर लगेच मागे सरकले आणि भिंतीला टेकून बसले. वहिनी काही बोलेनात. गाडीचा हॉर्न वाजला. कंडक्टर घाई करत होता, मी नमस्कार करून चढलो.

मागच्या खिडकीतून मी पाहिलं. धुळीतून दोघे दिसत होते. वहिनींचा डावा हात हळूहळू हलत होता, म्हणजे त्या काहीतरी सांगत होत्या. सर त्यांच्याकडे बघत नव्हते. समोरच्या उतरत्या शेतांकडे बघत, मान किंचित कलती करून ते ऐकत होते. गाडी वळणावर गेली तेव्हाही वहिनींचं सांगणं चालू होतं. त्या काय सांगत होत्या आणि त्याच्यावर सरांचं उत्तर काय होतं, ते मला कळलं नाही.